हरण्याचं कारण

तानीनं टपालाची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि चढ चढता चढताच म्हणाली, "विचार. थांबायला येळ नाय माझ्याकडं."

योगितानं फॉर्म वहीवर ठेवला, वही पोटाशी दाबली आणि चालत चालत लिहू लागली. पेनाची रेघ वाकडी गेली. वाट एका माणसापुरती होती. दोन्ही बाजूंना कापलेल्या नागलीचे खुंट उभे होते आणि फेब्रुवारीच्या उन्हानं मोकळी झालेली माती चपलेखालून सरकत होती. तानी पुढं, योगिता मागं. वांगणीच्या आश्रमशाळेपासून दोघी याच क्रमानं पळत आल्या होत्या.

"तुमच्या आठवणीतला सगळ्यात मोठा पराभव कोणता?"

"तुमच्या?" तानी मागं न बघता हसली. "मला कवापासनं अहोजाहो?"

"फॉर्ममधे तसं आहे."

जव्हारच्या कॉलेजात योगिता तिसऱ्या वर्षाला होती. या सत्रात तिला खेळ आणि व्यायामाचं मानसशास्त्र हा विषय होता आणि भोये सरांनी प्रत्येकाला एक प्रकल्प दिला होता. हरलेले बारा खेळाडू शोधायचे. आपण का हरलो, याचं कारण त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. मग त्याच कारणाला त्यांनी तीन ठिकाणी एक ते नऊ आकडे द्यायचे. ते कारण माझ्या बाहेरचं होतं की माझ्यातलंच, तात्पुरतं की कायमचं, माझ्या हातातलं की हाताबाहेरचं. एक म्हणजे पूर्ण पहिलं, नऊ म्हणजे पूर्ण दुसरं. कारण खरं की खोटं हे तपासायचं नाही, असं सरांनी बजावलं होतं.

दहा फॉर्म झाले होते. कबड्डीतले चार, कुस्तीतला एक, बाकी पळणारे. अकरावी तानी. तिला आधीच विचारता आलं असतं, पण योगितानं तिला मागं मागं ढकललं होतं. आज रविवार नव्हता, सुट्टी नव्हती, तरी ती पहाटेची जीप धरून वावर गावाला आली होती आणि टपालकचेरीच्या दाराशी तानीची वाट बघत बसली होती. फॉर्म हे नुसतं निमित्त होतं. दोन वर्षं एक प्रश्न तिच्या मनात होता आणि तो छापलेल्या कागदावर कुठंच नव्हता.

"मोठा पराभव म्हंजे आपली तीच की," तानी म्हणाली. "क्रॉसकंट्रीची."

"हं."

"कारण लिही. चौथी पुरी आली नाय."

योगितानं लिहिलं. तिचं अक्षर आणखी वाकडं आलं.

ती आंतरमहाविद्यालयीन शर्यत मुंबईजवळच्या एका कॉलेजच्या मैदानावर झाली होती. दहा किलोमीटर, आवाराभोवती चार फेऱ्या. जव्हारहून पाच मुली गेल्या होत्या, त्यातली एक आदल्या रात्री तापानं पडली. चार जणी शेवटपर्यंत आल्या तरच संघ धरला जातो. प्राजक्ताताई शेवटच्या वर्षाला होती आणि संघाची कर्णधारही तीच. शिकवायला वेगळं कुणी नव्हतं, त्यामुळं सरावही तीच घ्यायची. तानी नववी आली, प्राजक्ताताई चौदावी, रंजना एकतिसावी. चौथी योगिता. तिसऱ्या फेरीत तिच्या पायात गोळा आला आणि ती रस्त्याकडेला बसली. संघ यादीतच आला नाही. दुसऱ्या महिन्यात तानीनं कॉलेज सोडलं.

"आता आकडे," योगिता म्हणाली. "हे कारण तुझ्यातलं की बाहेरचं?"

"माझ्यातलं कसं असंल? मी तं नववी आले. आख्ख्या जिल्ह्यातनं एवढ्या पुढं कोणी नव्हती आली." तानी क्षणभर थांबली, पिशवीतून एक पाकीट काढून त्यावरचं नाव बघू लागली. "खरं सांगू, माझा काय तो पराभव नाय. पण तुझ्या कागदाला पराभव पायजे, मंग लिही."

पाडा आला. सात घरं. पाच दारांना बाहेरून कडी होती आणि कडीत काटकी खोचलेली होती. तानीनं पाकीट परत पिशवीत टाकलं.

"ही सगळी नाशिककडं, द्राक्षाच्या बागेत. होळीला येतील. आधार कार्ड तंवर माझ्याजवळच." उरलेल्या दोन घरांपैकी एकाच्या ओट्यावर म्हातारी धोंडीबाई डाळ पाखडत होती. तिला तानीनं मोबाइलवर एक फोटो दाखवला, काहीतरी मोठ्यानं सांगितलं, आणि म्हातारीनं दोघींना तांब्याभर पाणी दिलं.

पाणी पिऊन होईपर्यंत योगितानं धीर केला. गावाकडं आली की तिची बोली आपोआप बदलायची, तशी ती बदलली.

"तानी, तू कॉलेज माझ्यापायी सोडला ना?"

तानीनं तांब्या खाली ठेवला. सकाळपासून पहिल्यांदाच ती पुरती वळली.

"तुझ्यापायी?"

"संघ लागला असता तं तुझ्या बापानं राहू दिला असता. तो बोलला होता."

"बाप काय बी बोलतो." तानीला हसू येत होतं आणि ती ते आवरत होती. "अगं, डाकेच्या नोकरीची यादी शर्यतीच्या आधी आठ दिवस लागली होती. धाव्वीच्या मार्कांवर. माझं नाव होतं त्यात. कोणाला सांगितलं नाय मी. म्हटलं, एवढी एक शर्यत पळते आन् जाते." तिनं पिशवी उचलली. "दोन वरसं तू हे घेऊन फिरते काय?"

योगितानं मान हलवली. तिला वाटलं होतं, कधीतरी हे कळलंच तर छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. उलट, पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तिथं पायरीच नसावी, तसं झालं.

दोघी पाड्याबाहेर आल्या. पुढची वाट उताराची होती. तानीनं वेग कमी केला आणि योगिताच्या बरोबरीनं चालू लागली.

"आता मी एक विचारू? तुझ्या कागदावर नाय ते."

"विचार."

"तुझा कोणता पाय दुखत होता?"

योगितानं फॉर्म वहीत सरकवला.

"मी पुढच्या वळणावर होते," तानी म्हणाली. "तिथनं खालचा रस्ता दिसायचा. तू बसली तवा डावी पोटरी धरली होती. मंग तंबूत मी बाम चोळला, तो उजव्या पायाला. तूच पुढं केला होतास."

समोरच्या टेकाडावर कुणीतरी भाताच्या रोपांसाठी राब भाजायला पाला पसरत होतं. त्याची कोरडी सळसळ इथपर्यंत येत होती.

"मंग तवा बोलली का नाय?" योगितानं विचारलं.

"आर्धा पाय चोळून झाला होता," तानी म्हणाली. "आता काय बोलायचा?"

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच योगिताला सोसेना. ती वाटेतल्या एका दगडावर बसली. तानीनं घड्याळ बघितलं, पण तीही टेकली.

मग योगितानं सांगितलं. आजपर्यंत ते तिनं स्वतःलाही एवढ्या सरळ शब्दांत सांगितलं नव्हतं. जव्हारात तिच्या पुढं फक्त तानी असायची. तिथं पहिल्या फेरीतच पोरी तिला मागं टाकू लागल्या. तिनं मोजल्या. अकरा झाल्या. बारावी तर अंगानं चांगली जाड होती, तिच्याकडं सुरुवातीच्या रेषेवर बघून योगिता मनात हसली होती. ती पोरगी शेजारून आरामात पुढं निघून गेली. पुढं वळण होतं आणि वळणावर सगळी माणसं उभी होती, बरोबर आलेले कॉलेजचे सर होते. त्यांच्यासमोरून असं जायचं, तिसऱ्या फेरीत एकदा आणि चौथ्या फेरीत पुन्हा. "पाय दुखत नव्हता," ती म्हणाली. "दुखला असता तं बरा झाला असता. मी वळणाच्या अलीकडंच बसले."

तानी नखानं पिशवीच्या पट्ट्यावरची माती काढत होती.

"चालत आली असतीस तरी चाललं असतं," ती शेवटी म्हणाली. "शंभरावी आली असतीस तरी. चौथी पायजे होती, बस."

"माहीत आहे."

"माझं सोड. मी जाणारच होते. पण ताई शेवटच्या वर्षाला होती." ती उठली. "ताईचा फॉर्म भरला?"

"नाय."

"बारावा तिचाच भर."

*

प्राजक्ता मोखाड्यात तहसील कचेरीसमोरच्या एका गाळ्यात बसायची. दाखले, पेन्शन, शिष्यवृत्ती, भरती, जे काही ऑनलाइन भरावं लागतं ते तिथं भरून मिळायचं. दोन जीप बदलून योगिता पोचली तेव्हा बाजाराचा दिवस असल्यानं गाळ्याबाहेर रांग होती. प्राजक्तानं तिला काचेतून बघितलं, ओळखलं आणि आतलं स्टूल पायानं पुढं सरकवलं.

"योगिता! केवढी बारीक झालीस. पळतेस ना अजून?"

"सकाळची थोडी."

"पाय कसा आहे?"

"बरा आहे, ताई."

रांग सरेपर्यंत योगिता स्टुलावर बसून राहिली. प्राजक्ताचे केस आता आखूड होते आणि डोळ्यांना चष्मा लागला होता. कीबोर्डवर तिची बोटं न बघता चालत होती. भिंतीवर देवाचं कॅलेंडर, दरपत्रक आणि नेट बंद पडलं तर थांबावं लागेल अशी सूचना. मैदानाची आठवण करून देणारं काहीच नव्हतं.

जीपमध्ये योगितानं वाक्य तयार केलं होतं. ते बोलायचं आणि उठायचं. पण माणसं कमी झाल्यावर प्राजक्तानंच हात पुढं केला.

"आण तुझा फॉर्म. दिवसभर लोकांचे भरते, एक माझा."

तिनं तो दोन मिनिटांत भरला. प्रश्न वाचायला ती थांबली नाही, की उत्तर आठवायलाही नाही. फॉर्म परत देऊन ती पुन्हा पडद्याकडं वळली. योगितानं वाचलं.

पराभवाचं कारण: संघातल्या मुलीला सरावात इजा झाली. सराव मी घेतला होता.

माझ्या बाहेरचं की माझ्यातलं, नऊ. तात्पुरतं की कायमचं, नऊ. हातातलं की हाताबाहेरचं, नऊ. तिन्ही गोल एकाखाली एक, एकसारखे. शेवटचा प्रश्न होता, या पराभवानंतर तुमच्या खेळात काय बदल झाला. तिथं तीनच शब्द होते. सराव घेणं सोडलं.

तिन्ही आकडे त्या टोकाला गेलेला फॉर्म आला तर तो वेगळा काढून मला दाखवा, असं सर म्हणाले होते. त्यांचं म्हणणं होतं, दुखणं पायात असलेला खेळाडू परत येतो, हा बहुतेक येत नाही. अकरा फॉर्मांत तसा एकही नव्हता.

"ताई, हे काय लिहिलंस?"

"का? चुकलं का कुठं?"

"सराव घेणं सोडलं म्हणजे?"

"आश्रमशाळेच्या बाई तीनदा येऊन गेल्या," प्राजक्ता पडद्याकडं बघतच म्हणाली. "पोरी आहेत, पळतात चांगल्या, तासभर येत जा म्हणाल्या. पण कसं आहे, आपण मोबाइलवर बघून शिकलेलो. पोरी लहान असतात, सांगितलं की पळतात. कुणाच्या पायाचं काही झालं म्हणजे? जमत नाही मला ते." मग जरा थांबून, "शर्यतीच्या चार दिवस आधी मी तुम्हाला शिर्पामाळच्या चढावर दहा वेळा पळवलं. आठव्या वेळी तू बस म्हणालीस. मी म्हटलं, अजून दोन. ते नको होतं करायला."

"त्यानं काही झालं नव्हतं."

"झालं होतं. तंबूत मी तुला विचारलं, चढावरच्या सरावानंच का गं? तू हो म्हणालीस."

योगिताला तो तंबू आठवला. बामाचा वास, तानीचे हात, वाकून बघणारा प्राजक्ताताईचा घामानं भरलेला चेहरा. प्रश्न ऐकू आला होता. हो म्हणायला तोंडही उघडावं लागलं नव्हतं. मान जरा खाली केली की चौकशी संपत होती, आणि तिनं केली होती. ती मान तिच्या लक्षातही राहिली नव्हती. दोन वर्षं ती तानीच्या नावानं झुरत राहिली, आणि तिकडं मोखाड्यात ती मान खाली झाली तशीच राहिली होती.

"ताई," ती म्हणाली. तयार केलेलं वाक्य आता उपयोगाचं नव्हतं. "मला गोळा आला नव्हता. पायाला काहीच झालं नव्हतं. चढावर नाही, शर्यतीतही नाही. मी मागं पडत होते म्हणून बसले. तू विचारलंस तेव्हा मी खोटं हो म्हटलं."

प्राजक्ताची बोटं थांबली.

दाराशी एक म्हातारा उभा राहिला होता, हातात पिवळं पडलेलं पासबुक. प्राजक्तानं त्याला आत बोलावलं, खुर्चीत बसवलं. मशीन त्याच्या बोटाचा ठसा घेईना. "आजोबा, बोट कोरडं करा," ती म्हणाली, आणि मग स्वतःच्या ओढणीच्या टोकानं तिनं त्याचं बोट पुसलं, एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी ठसा लागला. म्हाताऱ्यानं हात जोडले. तो पायरी उतरेपर्यंत ती त्याच्याकडं बघत राहिली.

"दोन वर्षं," ती म्हणाली.

योगिता उभी राहिली. माफ कर हा शब्द तिच्या ओठापर्यंत आला, पण समोरचा चेहरा बघून तो बोलण्यासारखा राहिला नाही.

"तू जा आता. जीप जाईल."

"ताई, फॉर्म..."

"तो इथं राहू दे."

*

प्रकल्प द्यायच्या दिवशी योगिताकडं अकरा फॉर्म होते. बारावा तिनं वसतिगृहाच्या खोलीत बसून भरला. खेळ, क्रॉसकंट्री. पराभवाचं कारण लिहायला तिला बराच वेळ लागला, आकडे घालायला त्याहून जास्त. नावाच्या रकान्यात तिनं स्वतःचं नाव घातलं. भोये सरांनी तो फॉर्म बाकीच्यांपेक्षा सावकाश वाचला, चष्मा काढून पुसला, आणि खाली सही केली.

तिनं प्राजक्ताला दोनदा फोन केला होता. तो उचलला गेला नव्हता. मग तिनं करणं थांबवलं.

होळी झाली. एका सकाळी साडेसहाला ती नळावर बादली लावून उभी असताना फोन वाजला. नाव बघून तिनं बादली तशीच सोडली.

"शिर्पामाळच्या चढाचे वेळ तू लिहायचीस ना?" प्राजक्तानं विचारलं. कशी आहेस नाही, काही नाही.

"हो. घड्याळ माझ्याकडं असायचं."

"ती वही आहे?"

"आहे बहुतेक. थांब."

ती खोलीत पळाली. पेटी ओढली, कपडे पलंगावर टाकले. वही तळाशी होती. ओल्या हातांनी पानं उलटताना दोन पानं चिकटली. फोन कानाशी होता. पलीकडं कुठंतरी वारा होता, मोकळ्या जागेचा, आणि बऱ्याच पोरींचा गलका.

"सापडली. दहाही आहेत. चौघींचे."

"तुझे सांग."

"पहिला एक मिनिट बावन्न सेकंद." तिनं बोट रकान्यावरून खाली नेलं. "मधले असेच. आठवा एक पंचावन्न, तेव्हा मी बस म्हटलं होतं."

"नंतरचे दोन?"

"नववा एक एकोणपन्नास." दहाव्या आकड्यावर ती थांबली. त्या दिवशी तिनंच तो लिहिला होता, पण नंतर कधी बघितला नव्हता. "दहावा एक चव्वेचाळीस, ताई. सगळ्यांत कमी."

मग कुणाला तरी, फोन बाजूला धरून, प्राजक्ता म्हणाली, "थांबा गं जरा, रेषेच्या मागं थांबा." पुन्हा तिचा आवाज जवळ आला.

"चौघींचेही सांग. पहिल्यापासून," ती म्हणाली. "सावकाश. लिहून घेतेय."